रूळ नारिंगी रंगवू नका

दिवसा माझं काम गंज काढायचं. चिपळुणात हायवेला लागून डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. पावसानं आणि खाऱ्या हवेनं खाल्लेले दरवाजे, मडगार्ड घासायचे, लांबी (पुट्टी) भरायची, प्रायमर मारायचा, ड्यूकोचे हात देऊन गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची. रात्री जेवण उरकलं की माळ्यावर जातो आणि तोच गंज माझ्या मॉडेल रेल्वेच्या, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराच्या (एचओ स्केल), रुळांवर चढवत बसतो. बायको म्हणते, "दिवसभर काढलास तेवढा पुरला नाही का?" पण धंद्याचा एक फायदा झाला. गंज कुठून सुरू होतो, नवा कसा दिसतो, जुना कसा दिसतो, हे डोळ्यांत बसलंय.

म्हणूनच बऱ्याच लेआउटवरचे, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या मांडलेल्या देखाव्यावरचे, रूळ बघितले की खटकतात. रुळाच्या अंगाला भडक नारिंगी गंज, स्लीपर तपकिरी, खडी राखाडी. हे सगळं परदेशी व्हिडिओ बघून आलेलं. तिकडे लाकडी स्लीपर, कोरडी हवा, वेगळा दगड. आपल्या कोकण रेल्वेवर काँक्रीटचे स्लीपर, काळ्या पाषाणाची खडी, बाजूला जांभ्याचं कटिंग (रुळासाठी कापलेला डोंगर), आणि जून ते सप्टेंबर वरून धो धो पाऊस. इथल्या रुळाचा निम्मा रंग गंजाचा असतो आणि निम्मा मातीचा. त्यामुळे माझा नियम एवढाच आहे: कुठलाही डाग टाकायच्या आधी विचारायचं, हा इथे आला कुठून? उत्तर देता आलं तर टाकायचा, नाहीतर ब्रश खाली ठेवायचा.

आधी बघून या

रुळावर उतरू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि वळणावरून येणारी गाडी वाटते त्यापेक्षा लवकर पोचते. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहिलात किंवा पादचारी पुलावरून खाली बघितलंत तरी हवं ते सगळं दिसतं. मोबाईलवर फोटो काढताना चौकटीत प्लॅटफॉर्मच्या कडेचा पांढरा पट्टा येऊ द्या. घरी रंग जुळवताना त्या पांढऱ्यावरून कळतं की फोटो पिवळा पडलाय की निळा.

आमच्या आळीत एक काका आहेत, रेल्वेतून कीमन, म्हणजे रुळावरून चालत तो तपासणारा, म्हणून निवृत्त झालेले. मी पहिल्यांदा रुळाचा रंग विचारला तेव्हा म्हणाले, "बाबू, रूळ बघायचा तर पोटात बघ. डोकं काय, सगळ्यांचंच चकाकतं." मग पुढे म्हणाले, "पावसात कटिंगवरनं तांबडं पाणी येतं ना, ते पायाशी बसतं. दिवाळीनंतर सुकलं की तिथंच राहतं." एवढ्या दोन वाक्यांत माझं निम्मं काम झालं.

आता त्यांच्या सांगण्याप्रमाणे बघा. मेन लाइनच्या रुळाचं डोकं, म्हणजे चाक फिरतं तो वरचा भाग, आरशागत लखलखतं. पोट, म्हणजे मधला उभा भाग, गडद तपकिरी, जवळजवळ काळं. किनारपट्टीवर गंज जास्त धरतो म्हणून काही ठिकाणी पोटाला डांबरी रंगही मारलेला असतो, तिथे तर काळंच. पायावर, म्हणजे स्लीपरवर टेकणाऱ्या रुंद तळावर, आणि पायाच्या वरच्या कडेला मात्र तांबूस धूळ बसलेली. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या वाकड्या लोखंडी क्लिपांना ग्रॅफाइटचं ग्रीस लावतात, त्यामुळे त्या काळपट आणि किंचित ओशट दिसतात, आणि त्या ग्रीसवर तांबडी धूळ चिकटलेली असते. स्लीपरचा मधला भाग काळवंडलेला, टोकं मातीची. शेजारच्या लूप लाइनवर (स्टेशनात मेन लाइनवरून फुटून पुढे तिलाच मिळणाऱ्या) गाड्या कमी जातात, तिथे डोकं मंद, रूळ जास्त तपकिरी, खडीतून गवत वर आलेलं. दोन लाइन एकाच बाटलीतल्या रंगानं रंगवल्यात की स्टेशन खोटं वाटायला लागतं. कितीही चांगली इमारत बांधा.

महिना आधी ठरवा. ऑगस्टातले रूळ ओले, काळे, स्लीपरच्या कडांना शेवाळ, गटाराशी तेरडा. डिसेंबरात सगळं सुकलेलं, माती रंगावर आलेली, गवत पिवळं. मे महिन्यात सगळ्यावर एकच फिकी धूळ. मी डिसेंबर करतो, कारण त्यात मातीही दिसते आणि गंजही.

साल पण ठरवा. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि सगळा मार्ग विजेवर आला तो २०२२ मध्ये. मधल्या काळातलं दृश्य करत असाल तर खांब-तारा नकोत, पण डिझेल इंजिन जिथे थांबतं तिथे, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या टोकाला सिग्नलपाशी, रुळांच्या मधोमध तेलाचा काळा पट्टा हवा. आजचं दृश्य करत असाल तर तो पट्टा जुना, धुळीनं अर्धा झाकलेला दाखवा.

रुळाची उंची आणि रंगाची लबाडी

आपली ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटरची. एचओमध्ये, म्हणजे १:८७ ला, ती १९ मिलिमीटरच्या थोडी वर जायला हवी. बाजारातला रूळ १६.५ चा. हे रंगानं झाकता येत नाही, सोडून द्या. उंचीचं मात्र झाकता येतं. मीटरला ६० किलो भरणारा खरा रूळ १७२ मिलिमीटर उंच, म्हणजे मॉडेलवर जेमतेम दोन. मॉडेलच्या रुळाचा कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली उंची. कोड ७५ चा रूळ १.९ मिलिमीटरचा, तो जवळ जातो. कोड १०० चा अडीच मिलिमीटरच्या वर, तो डोळ्याला जाड दिसतो. हाताशी कोड १००च असेल तर पाय आणि पोटाचा खालचा भाग आणखी गडद ठेवा, आणि खडी पायाच्या कडेपर्यंत येऊ द्या. खालचा भाग सावलीत गेला की रूळ ठेंगणा वाटतो.

स्लीपरचं गणित सोपं आहे. खरा काँक्रीट स्लीपर २.७५ मीटरचा आणि दोघांत साधारण ६० सेंटिमीटर अंतर. मॉडेलवर लांबी ३१-३२ मिलिमीटर, अंतर सातच्या आसपास. काँक्रीट स्लीपरचा तयार रूळ मिळतो, पेको कंपनीचा तर मिळतोच. तोच घ्या. लाकडी स्लीपरवाला घेऊन राखाडी रंग मारलात तर लाकडाच्या रेषा तशाच दिसत राहतात.

रंगाआधीची तयारी

वायरी आधी डाखून घ्या, गाडी चालवून बघा, आणि मगच रंगाची बाटली उघडा. रंगलेल्या रुळावर डाख लावायचा म्हणजे परत घासणं आलं.

रूळ आणि स्लीपर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे ते असतं, कुठून आणतात ते विचारून घ्या. बोटांचं तेल राहिलं तर रंग तिथूनच सोलतो, हे गाडीच्या बॉनेटवर जितकं खरं तितकंच इथे. सांधे बदलायच्या जागी पात्यांचे टोक, बिजागऱ्या आणि मधला हलणारा दांडा मास्किंग टेपनं झाका. तिथे रंगाचा एक थेंब गेला की सांधा अडकतो किंवा करंट तुटतो.

आणि गॅरेजवाल्यांना एक सांगणं: एनसी थिनर आणि ड्यूको (गाडीचा रंग) माळ्यावर नेऊ नका. त्यानं प्लास्टिकचे बरेच प्रकार विरघळतात. कुठलाही स्प्रे आधी रुळाच्या कापलेल्या तुकड्यावर मारून, एक रात्र ठेवून बघायचा.

हवेचं पण बघा. जून ते सप्टेंबर इथे स्प्रेचं काम मी घेतच नाही. हवेत एवढं पाणी असतं की मॅट व्हार्निश मारला की वर पांढुरकी झाक येते आणि ती जात नाही. दिवाळी ते होळी हा स्प्रेचा मोसम. एअरब्रश (रंग फवारायची बारीक गन) वापरत असाल तर कंप्रेसरच्या टाकीचा खालचा कॉक उघडून पाणी काढा आणि नळीत पाणी अडवणारा ट्रॅप लावा. नाहीतर रंगाबरोबर पाण्याचे थेंब येतात आणि रुळावर फोड दिसतात. हवा १५ ते २० पीएसआय पुरते. गाडीच्या गनची सवय असलेल्याचा हात इथे फार पुढे जातो.

रुळाचं पोट

स्प्रेच्या आधी रुळाच्या डोक्यावर कापडानं मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. अगदी पुसट. अंगावर ओघळता कामा नये. मग साधा राखाडी मॅट प्रायमर, दोन्ही बाजूंनी, तिरका धरून. प्लास्टिकचा स्लीपर आणि निकेल सिल्व्हरचा रूळ, दोघांनाही प्रायमर नसेल तर वरचा रंग नखानं निघतो.

प्रायमर सुकला की पोटाचा रंग. आर्टिस्ट ॲक्रिलिकच्या ट्यूबमधून बर्न्ट अम्बर तीन भाग, काळा एक भाग, बर्न्ट सिएना अर्धा. हे मिश्रण ताटलीत फार काळं वाटतं. वाटू द्या. रुळाचं पोट मुळात सावलीत असतं, आणि मॉडेल आपण वरून बघतो. रंग पातळ करून दोन हात द्या, एक जाड हात नको. जाड हातात क्लिपांचे बारीक आकार बुजतात, आणि मग क्लिप दाखवायला काही उरत नाही.

आता आतली आणि बाहेरची बाजू वेगळी करा. हे फार कमी जण करतात आणि फरक लगेच दिसतो. दोन रुळांच्या मधल्या बाजूला ब्रेकची धूळ आणि गाडीखालचं तेल पडतं, म्हणून तिथे त्याच मिश्रणात थोडा काळा वाढवा. बाहेरच्या बाजूला माती उडते, तिथे थोडा सिएना वाढवा. स्टेशनात शिरायच्या आधी, जिथे गाडी ब्रेक मारते, तिथे सगळंच थोडं जास्त तपकिरी. डोंगरातून मोकळ्या धावत्या जागी कमी. नारिंगी रंग हवाच असेल तर तो एकाच जागी शोभतो: नुकत्या बदललेल्या रुळाच्या तुकड्यावर किंवा बाजूला टाकून ठेवलेल्या सुट्या रुळांवर. नवा गंज नारिंगी असतो. गाड्यांच्या खाली वर्षानुवर्षं राहिलेला नाही.

रंग ओलसर असतानाच डोकं पुसून घ्या. लाकडाच्या चौकोनी ठोकळ्यावर सुती कापड ताणून, त्याला थोडं अल्कोहोल लावून, एकाच दिशेनं. आतली वरची कड विसरू नका, चाक तिथूनच टेकतं आणि करंट घेतं. वॉटर पेपर लावू नका, कितीही बारीक असला तरी. त्याच्या ओरखड्यांत मळ बसतो आणि पुढे सारखं पुसत बसावं लागतं. मंद डोकं हवं त्या लूप लाइनवर सहा-बीची पेन्सिल आडवी फिरवा: चकाकी कमी होते आणि ग्रॅफाइटमधून करंटही जातो. ज्या साइडिंगवर (डबे उभे करायच्या बाजूच्या रुळावर) इंजिन कधी जाणारच नाही, तिथे डोकंसुद्धा खुशाल रंगवा.

स्लीपर

तयार काँक्रीटचा स्लीपर निळसर राखाडी येतो. आपला असतो उबदार, मातकट राखाडी. पांढरा, त्यात रॉ अम्बर, त्यात काळ्याचा ठिपका. सगळे स्लीपर एकाच रंगात करून मग मधूनमधून एखादा किंचित फिका, एखादा किंचित गडद करा. पण ओळीनं पाचवा, दहावा असं मोजून नको, डोळ्याला ते लगेच कळतं. एक-दोन ठिकाणी अख्खा गट फिका ठेवलात तर तिथे स्लीपर बदलल्यासारखे वाटतात.

क्लिपांना बारीक ब्रशनं गडद राखाडी. शून्य नंबरचा ब्रश घ्या, चष्मा लावा, रेडिओ लावा. या कामाला दुसरा उपाय नाही. लेआउटच्या पुढच्या कडेची हातभर लांबीच अशी करा, मागच्या बाजूला कोणी बघत नाही.

खडी

क्रशरची बारीक कच, म्हणजे काळ्या दगडाचीच, चहाच्या गाळणीतून चाळा. रेल्वेच्या खडीचा सगळ्यात मोठा दगड ६५ मिलिमीटरचा, म्हणजे मॉडेलवर पाऊण मिलिमीटर. त्याहून मोठा कण गाळणीत राहिला की तो टाकून द्या, आणि पीठही काढून टाका. मग धुऊन वाळवा.

नंतर प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून त्या कचेतून फिरवा. काळ्या पाषाणात चुंबकाला चिकटणारे कण असतात, ते मोटरमध्ये गेले की इंजिन गेलं. पिशवी उलटी केली की कण आपोआप सुटतात. समुद्राची वाळू आणायचा मोह टाळा. रत्नागिरीच्या बाजूला काळी वाळू आहे, दिसते छान, पण ती काळी आहे तीच मुळी इल्मेनाइटसारख्या जड कणांमुळे, आणि त्यात मीठ. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि रुळाच्या डाखाला हळूहळू खातं. मीठ गाडीचं काय करतं ते मी रोज बघतो.

खडी कोरडी पसरून ब्रशनं नीट बसवा, स्लीपरवर एकही दाणा नको. मग पाण्यात अल्कोहोल घालून फवारा, आणि वरून फेविकॉल एक भाग, पाणी दोन भाग, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, असं मिश्रण सुई काढलेल्या सिरिंजनं सोडा. दाणे भिजले पाहिजेत, पोहायला लागता कामा नयेत. सांध्यांपाशी हात आखडता. सुकायला थंडीत एक-दोन दिवस. पावसाळ्यात ते सुकता सुकत नाही आणि वर बुरशी येते, म्हणून हेही काम दिवाळीनंतरच.

जांभा

आता खरी मजा. बांधकामावर चिरे तासतात तिथे जांभ्याची भुकटी पडलेली असते, विचारून पिशवीभर आणा. जुन्या तव्यावर मंद आचेवर भाजा, म्हणजे ओल जाते आणि बी-किडे मरतात. तवा स्वयंपाकाचा नको, घरात शांतता राहिली पाहिजे. मग जुन्या ओढणीतून वस्त्रगाळ करा आणि पुन्हा चुंबक. जांभ्यात लोखंड भरपूर, त्यामुळे इथे चुंबक तीनदा फिरवला तरी काही ना काही निघतं. खात्री नसेल तर ही भुकटी रुळांच्या मधोमध वापरू नका, तिथे त्याच रंगाचं सॉफ्ट पेस्टल किसून वापरा आणि खरा जांभा बाहेरच्या बाजूला ठेवा.

दोन तऱ्हेनं लावायची. पहिली, पाण्यातून: चिमूटभर भुकटी, पाणी, थोडं अल्कोहोल, लिक्विडचा थेंब. हे गढूळ पाणी ब्रशनं कटिंगच्या बाजूच्या स्लीपरच्या टोकाला टेकवा आणि सोडून द्या. ते आपणहून खडीच्या फटींतून आत सरकतं आणि सुकताना कडेला जमा होतं, पावसाचं पाणी करतं तसंच. डोंगर ज्या बाजूला, तांबडं त्या बाजूला जास्त. दरीच्या बाजूला कमी. गटार जिथे तुंबलेलं दाखवाल तिथे माती खडीच्या वर आलेली दाखवा. भरावावरच्या रुळाला वरून येणारं पाणीच नाही, तिथे तांबडं जवळजवळ नको.

दुसरी तऱ्हा कोरडी. मऊ ब्रशनं भुकटी रुळाच्या पायाच्या वरच्या कडेवर बसवायची आणि क्लिपांवर एक-एक ठिपका. काका म्हणाले होते ते "पायाशी बसतं" म्हणजे हेच. एका ठिकाणी नाक लावून बघा: काळपट पोट, खाली पायाच्या कडेवर तांबूस रेघ, क्लिपेच्या वाकणात अडकलेली थोडी धूळ, तिच्या खाली स्लीपरवर उतरलेला एक पुसट ओघळ. एवढं एका क्लिपेपाशी जमलं की बाकीच्या आपोआप जमतात.

बोगद्याच्या आत पाऊस नाही, ऊन नाही, म्हणून गवत नाही आणि कटिंगची मातीही नाही. तोंडापासून हातभर आत सगळं काळपट राखाडी करत न्या. छतातून पाणी झिरपतं तिथे एखादा ओला, काळा पट्टा चालेल.

सुकलेल्या गवताला मी नारळाचा काथ्या वापरतो. दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे कापून चिमट्यानं लूप लाइनच्या कडेला. मेन लाइनच्या मधोमध गवत लावू नका, रूळ सांभाळणारे गँगवाले ते ठेवत नाहीत.

शेवटी मॅट व्हार्निश, अगदी लांबून, हलका. भुकटीचा रंग त्याखाली निम्मा उडतो, म्हणून आधी थोडी जास्तच लावलेली बरी. व्हार्निशच्या आधी रुळाच्या डोक्याला परत तेलाचा हात द्या, नंतर पुसा. आणि रंग बरोबर आहे की नाही ते माळ्यावरच्याच दिव्याखाली ठरवा. गाडीचा रंग आम्ही उन्हात जुळवतो कारण गाडी उन्हात फिरते. लेआउट तुमच्या एलईडीखाली राहणार. पांढऱ्या दिव्यात जांभा गुलाबी दिसतो, पिवळ्यात भगवा.

पहिल्यांदा गाडी सोडाल तेव्हा सुटी राहिलेली धूळ चाकांना लागणारच. आधी छोट्या व्हॅक्यूमच्या तोंडाला कापड बांधून रुळावरून फिरवा. मग अल्कोहोलचं ओलसर कापड रुळावर आडवं टाका, इंजिनाची अर्धी चाकं त्यावर आणि अर्धी रुळावर ठेवून करंट द्या, म्हणजे कापडावरची चाकं फिरून साफ होतात. इंजिन उलटं फिरवून दुसरी अर्धी. डबे हातानंच पुसावे लागतात.